तिथे नसलेला ‘देअर’

ग्रिम्झबीच्या गोदीमागे, चर्चच्या तळघरात
मंगळवारी साडेसहाला आधी हीटर खोकतो,
मग नोरीन ब्लँचर्ड फळ्यावर लिहिते:
देअर इज. देअर आर.

ह्या देअरचा अर्थ तिथे नव्हे, ती सांगते.
बोट दाखवू नका.
म्हणजे नुसता पाट मांडायचा रिकामा,
वस्तू मागाहून येऊन बसते.

खोलीचं चित्र हातोहात फिरतं.
देअर इज अ लॅम्प. देअर आर थ्री कुशन्स.
त्सिगेरेदा उशांवर बोट टेकवत मोजते,
अस्मारात ती बँकेत नोटा मोजायची.
टेबलाखालचं मांजर फक्त गुलसूमला दिसलं
आणि तिला शब्द येईना,
म्हणून ती म्हणाली, देअर इज अ म्याव.
नोरीनने बरोबरची खूण केली.

मी मागे. चहाचं माझ्याकडे असतं,
साखर कुणाला किती, तेही.

आज नवी ओळ: देअर वॉज. देअर वर.
सोपं आहे. तेव्हा होतं, आता नाही.
अबकर उभा राहतो
(उभं राहू नकोस, हे त्याला चौदा मंगळवार सांगून झालंय)
आणि म्हणतो, देअर… विहीर. माय व्हिलेज.
इज की वॉज?
आय डोंट नो.
अरे, आता आहे का ती विहीर?
आय डोंट नो, मिस. रात्री निघालो.
फोन कुणी उचलत नाही.

मार्कर हवेतच.
फळ्यावर रकाने दोनच आखलेले.

मी कप विसळता विसळता
ते वाक्य माझ्या भाषेत घालून बघते:
आधी गाव येतं, गावाबाहेर विहीर,
तिचा झिजलेला काठ, पाणी, पाण्यात कासव,
आणि आहे, होती, की नाही
हे शेवटचा शब्द येईस्तोवर कळत नाही.
तेवढा वेळ तरी कासव पोहतं.

नोरीनला शांतता सोसत नाही.
ती खिडकीकडे वळते. तळघराची खिडकी,
तीतून फक्त लोकांचे बूट दिसतात.
इथे एवढी जहाजं असायची, ती म्हणते,
की ह्या डेकवरून त्या डेकवर पाय टाकत
गोदी ओलांडावी. मासळीचा वास
शाळेच्या गणवेशाला, पावाला, नाताळच्या झाडाला.
अँड देअर वर माय डॅड,
आइसलंडपर्यंत जायचा.

वॉज, मिस, त्सिगेरेदा म्हणते. वन डॅड. वॉज.

नोरीन हसते. आमच्याकडे असंच बोलतात गं,
पण तू लिहिताना वॉज लिही.
मी काही बोलले नाही.
आमच्याकडे वडील एकटे असले
तरी अनेकवचनातच असतात,
आणि गेल्यावरही
कुणी त्यांना तिथून उठवत नाही.

गृहपाठ: तुमच्या रस्त्याविषयी पाच वाक्यं.
गुलसूम विचारते, कुठला रस्ता?
नोरीन म्हणते, तुला हवा तो,
आणि मग घाईने, नाही, आत्ता राहतेस तो,
आणि मग, बरं, हवा तो.

साडेआठ. खुर्च्यांवर खुर्च्या.
साखर संपली, हे मी हातावर लिहून घेते.
वरून रखवालदार डेरेक
दिवे घालवायच्या आधी जिन्यात ओरडतो:
एनीबडी देअर?

कोटांच्या रांगेमागे अबकर
अजून एका बाहीत हात शोधतोय.
देअर इज, तो म्हणतो.

पुढे काहीतरी यायला हवं होतं.
नोरीन पर्स बंद करते,
दुरुस्त करत नाही.